मंदीच्या काळातील मध्यावधी कौल : स्वरूप, निकष आणि मर्यादा

१. संज्ञा

‘मध्यावधी निवडणूक’ ही संज्ञा येथे मराठीतील रूढ अर्थाने योजलेली नाही. सभागृह मुदतीपूर्वी विसर्जित झाल्यावर होणाऱ्या निवडणुकीला आपल्याकडे मध्यावधी म्हणतात. १९७१ आणि १९८० च्या लोकसभा निवडणुका या अर्थाने मध्यावधी होत्या. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर, आधीच ठरलेल्या दिवशी होणारी विधिमंडळाची निवडणूक मध्यावधी होय. पहिल्या अर्थी अवधी खंडित होतो, दुसऱ्या अर्थी तो दुभागला जातो. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या अर्थापुरते आहे.

उत्पादन व रोजगार काही काळ घटणे म्हणजे मंदी. ही घट खोल आणि दीर्घ असेल, तर ती महामंदी. महामंदीच्या पोटातही चढउतार असतात, म्हणून आणखी एक भेद आवश्यक ठरतो. ठरावीक क्षणी किती लोक बेकार आहेत, ही मंदीची पातळी. बेकारी वाढत आहे की घटत आहे, ही तिची दिशा. पुढील विवेचन या भेदावर आधारलेले आहे.

२. मध्यावधीचे स्वरूप

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना कार्यकारी सत्तेच्या उत्तरदायित्वाच्या मूल्यमापनाचे दोन प्रकार सांगितले होते : दैनंदिन आणि नियतकालिक. संसदीय पद्धतीत दोन्ही असतात. प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव यांद्वारे सदस्य दैनंदिन मूल्यमापन करतात, तर नियतकालिक मूल्यमापन मतदार करतात. अमेरिकी पद्धतीत केवळ नियतकालिक मूल्यमापन असते आणि ते दोन वर्षांतून एकदा होते. मध्यावधीचे महत्त्व यातून निष्पन्न होते. तिची लक्षणे तीन :

(अ) राष्ट्राध्यक्ष स्वतः उमेदवार नसतो. प्रतिनिधिगृहाच्या सर्व जागांसाठी मतदान होते. सिनेटच्या मात्र सुमारे एकतृतीयांश जागांसाठीच.
(आ) तिथी स्थिर असते. सरकारला ती सोयीने पुढे ढकलता येत नाही आणि संकटामुळे ती अलीकडे येत नाही.
(इ) परिणामी मतदार कार्यकारी सत्तेची निर्भर्त्सना करू शकतो, तिला पदच्युत करू शकत नाही.

३. प्रचलित मत आणि त्याची परीक्षा

हाल जितके अधिक, तितकी सत्ताधारी पक्षाची हानी अधिक, असे सामान्यतः मानले जाते. १९२९ नंतरच्या एकाच महामंदीत तीन मध्यावधी निवडणुका झाल्या, त्यामुळे हे मत तपासण्याची सोय आहे. पुढे दिलेली बेकारीची प्रमाणे वार्षिक सरासरीचे अंदाज असून त्यांत सरकारी मदतकामांवरील मजूरही बेकार धरले आहेत.

पहिली, १९३०. हर्बर्ट हूव्हर यांच्या कारकिर्दीत बेकारी १९२९ मधील सुमारे ३ टक्क्यांवरून सुमारे ९ टक्क्यांवर गेली. रिपब्लिकन पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा २७० वरून २१८ वर आल्या.

दुसरी, १९३४. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत बेकारी सुमारे २५ टक्क्यांवरून सुमारे २२ टक्क्यांवर आली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या जागा ३१३ वरून ३२२ झाल्या आणि सिनेटमध्येही वाढल्या. मध्यावधीत सत्ताधारी पक्षाची दोन्ही सभागृहांत वाढ होणे अमेरिकी इतिहासात दुर्मीळ आहे.

तिसरी, १९३८. राष्ट्राध्यक्ष तेच. बेकारी १९३७ मधील सुमारे १४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर चढली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या जागा ३३४ वरून २६२ झाल्या.

हालांची पातळी सर्वांत उंच असताना सत्ताधारी पक्ष वाढला आणि ती सर्वांत खाली असताना ५२ जागांनी घटला. म्हणून प्रचलित मत टिकत नाही. नियम खोडण्यास एक विपरीत उदाहरण पुरते. नियम सिद्ध करण्यास तीन पुरत नाहीत. तेव्हा दिशेचा निकष तूर्त गृहीतक म्हणून स्वीकारून पुढे जावे लागते.

४. दिशेचे ज्ञान

येथे शंका उद्भवते की मतदाराला दिशा कळते कशी? राष्ट्रीय उत्पन्नाचे अंदाज सायमन कुझनेट्स यांनी तयार केले आणि ते सिनेटपुढे जानेवारी १९३४ मध्ये आले. १९३० च्या मतदारापुढे असा कोणताही आकडा नव्हता. त्याच्यापुढे प्रत्यक्ष होते. त्या शरदात न्यूयॉर्कच्या पदपथांवर बेकार माणसे पेटी मांडून पाच सेंटला एक सफरचंद विकत होती, आणि ज्याने मागील वर्षी तो पदपथ पाहिला होता त्याला अनुमानाची गरज नव्हती.

१९३४ चे प्रत्यक्ष उलट होते. १९३३ मध्ये सुमारे ४,००० बँका बंद पडल्या होत्या. १ जानेवारी १९३४ पासून ठेवींना विमा लागू झाला आणि त्या वर्षी विमाधारक बँकांपैकी केवळ ९ बुडाल्या. ठेवीदार अद्याप गरीब असेल, पण पासबुकातील रक्कम त्याला मिळणार होती. २८ जून १९३४ च्या नभोवाणी भाषणात रूझवेल्ट यांनी नागरिकांना गतवर्षाशी तुलना करण्यास सांगितले : कर्जाचा भार हलका झाला काय, बँकेतील पैसा अधिक सुरक्षित आहे काय. ही प्रश्नावली संपूर्णतः दिशेची होती. पातळीचा प्रश्न विचारला असता, तर उत्तर प्रतिकूल आले असते.

५. कर्तृत्वाचे आरोपण

दिशा कळली तरी तिचा कर्ता कोण, हा निर्णय उरतो. मतदार हालांचे दोन भाग करतो : वारशाने आलेले आणि सत्ताधाऱ्यांच्या हातून घडलेले. १९३० मध्ये घसरण हूव्हर यांच्याच कारकिर्दीत सुरू झालेली होती. आयात शुल्क वाढवणाऱ्या स्मूट-हॉली कायद्यावर त्यांनी १७ जून १९३० रोजी, मतदानाच्या साडेचार महिने आधी, स्वाक्षरी केली. १९३४ मध्ये हाल वारशाचे आणि सुधारणा स्वतःची, अशी विभागणी झाली. १९३८ मध्ये वारशाचा आधार संपला होता. १९३७ ची नवी घसरण सरकारी खर्चातील कपात, बँकांच्या राखीव निधीचे वाढवलेले प्रमाण आणि सामाजिक सुरक्षेचा नव्याने सुरू झालेला वेतनकर यांच्या पाठोपाठ आली. तिचे पितृत्व हूव्हर यांच्याकडे देता येत नव्हते. पूर्वीची उदाहरणेही याच्याशी जुळतात. १८७३ च्या अरिष्टानंतर १८७४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृह गमावले. १८९३ च्या अरिष्टानंतर १८९४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने शंभराहून अधिक जागा गमावल्या. पक्ष भिन्न होते. ज्याच्या कारकिर्दीत घसरण सुरू झाली त्याने किंमत मोजली, एवढे समान होते.

६. आक्षेप

पहिला आक्षेप असा की १९३६ मध्ये जागा कमाल मर्यादेला पोहोचल्या होत्या, म्हणून १९३८ ची घट स्वाभाविक होती. परंतु १९३२ च्या लाटेत मिळालेल्या ३१३ जागाही उच्चांकीच होत्या आणि १९३४ मध्ये त्या घटल्या नाहीत. दुसरा आक्षेप असा की १९३८ ला अन्य कारणेही होती : सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांची संख्या वाढवण्याची १९३७ ची योजना आणि स्वपक्षीय विरोधकांना प्राथमिक निवडणुकांत पाडण्याचा रूझवेल्ट यांचा बहुतांशी असफल प्रयत्न. हा आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. दिशा आणि आरोपण हे प्रधान निकष होत, एकमेव नव्हेत.

७. कौलाच्या मर्यादा

कौल दिला जाणे आणि तो फलद्रूप होणे यांत दोन अंतरे असतात.

पहिले कालाचे. ४ नोव्हेंबर १९३० रोजी निवडलेले प्रतिनिधिगृह ७ डिसेंबर १९३१ रोजी प्रथम भरले. या तेरा महिन्यांत बेकारी जवळपास दुप्पट झाली. सभापती निकोलस लाँगवर्थ यांच्यासह डझनभराहून अधिक निर्वाचित सदस्य मरण पावले, पोटनिवडणुकांत बहुमत पालटले आणि सभापतिपद डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉन गार्नर यांच्याकडे गेले. १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीने नव्या विधिमंडळाच्या आरंभाची तिथी ३ जानेवारी ठरवून हे अंतर दोन महिन्यांवर आणले.

दुसरे अंतर आशयाचे, आणि ते कोणत्याही दुरुस्तीने मिटत नाही. कौल दिशा नाकारतो, पर्यायी दिशा सांगत नाही. १९३० च्या मतदाराने हूव्हर यांचे धोरण नाकारले. पण त्यातून सभापती झालेल्या गार्नर यांनी १९३२ मध्ये अंदाजपत्रकाच्या समतोलासाठी विक्रीकराला पाठिंबा दिला, आणि तो सभागृहातील बंडामुळे फेटाळला गेला. निवडून देणाऱ्याने विक्रीकर मागितला नव्हता आणि समतोलही मागितला नव्हता.

८. निष्कर्ष

यावरून तीन विधाने तूर्त मांडता येतात. मंदीतील मध्यावधी कौल हालांच्या पातळीपेक्षा दिशेवर अवलंबून असतो. ती दिशा ज्याच्या हातून घडली असे मतदार मानतो, त्याच्या खात्यावर ती नोंदली जाते आणि वारशाची सबब सहसा एकाच मध्यावधीपुरती चालते. तिसरे विधान पहिल्या दोहोंना सीमा घालते. मध्यावधी हे हिशेब तपासण्याचे साधन आहे. तपासनीस चूक दाखवतो, पुढील वर्षाचा जमाखर्च मांडून देत नाही. तो मांडण्याचे काम निवडून आलेल्यांवर पडते आणि त्याचा हिशेब दोन वर्षांनी, ठरलेल्या दिवशी, पुन्हा तपासला जातो.