मंत्रचळ : स्मृती शाबूत, भरवसा डळमळीत

कुलूप लावून जिना उतरलेला माणूस पुन्हा वर जाऊन ते ओढून पाहतो. असे क्वचित कोणाचेही होते. ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, ज्याला मराठीत मंत्रचळ हा चपखल शब्द आहे, त्या विकारात मात्र ही फेरी दहा-वीस वेळा घडते आणि तरीही समाधान होत नाही. अशा रुग्णांची स्मरणशक्तीच अधू असावी, असा तर्क पूर्वी संशोधकही करीत. त्याबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले. सातत्याने आढळला तो स्वतःच्या स्मृतीवरील अविश्वास.

हा अविश्वास येतो कोठून? नेदरलँड्समधील मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहेत. त्यात सहभागी विद्यार्थी निरोगी होते, हे विशेष. संगणकाच्या पडद्यावरील गॅसची शेगडी लावणे, बंद करणे आणि तपासणे ही क्रिया एका गटाने वीस वेळा केली; दुसऱ्या गटाने तेच दिव्यांबाबत केले. अखेरीस दोघांनाही शेगडीच्या शेवटच्या तपासणीविषयी विचारले. उत्तरांच्या अचूकतेत फारसा फरक नव्हता. परंतु शेगडी वारंवार तपासणाऱ्यांना आपली आठवण पुसट वाटत होती, तिच्यावर भरवसाही कमी होता. कॅनडातील अॅडम रॅडोम्स्की व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये स्वयंपाकघरातील खऱ्या शेगडीवर प्रयोग केला, तेव्हाही भरवसा असाच ढासळला.

याचे कारण असे सांगितले जाते, की तीच कृती पुनःपुन्हा केल्याने ती सरावाची होते. बटणाचा स्पर्श, ज्योत विझल्याचे दृश्य हे तपशील मनात ठसत नाहीत. 'बंद केले' एवढे माहीत असते, पण ते करतानाचे चित्र डोळ्यांपुढे येत नाही. मग शंका, शंकेपोटी आणखी तपासणी, आणि आठवण अधिकच धूसर!

त्यामुळे उपचारांचा रोख स्मरणशक्ती वाढविण्यावर नसतो. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून विकसित झालेल्या वर्तनोपचारात रुग्ण शंकेला सामोरा जातो, पण तपासणी टाळतो. अस्वस्थता आधी वाढते, नंतर ओसरू लागते. गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञ औषधेही देतात. घरच्यांची परीक्षा मोठी असते. 'बंद केलाय रे, मी पाहिलं' हे प्रेमाने दिलेले दहावे उत्तरही तपासणीचेच काम करते. मोबाइलवर काढून ठेवलेले शेगडीचे छायाचित्रही तसेच. ही उत्तरे एकाएकी न तोडता उपचारकाच्या सल्ल्याने, रुग्णाला विश्वासात घेऊन हळूहळू कमी करावी लागतात.