वळवाच्या विजांचा फोटो कसा काढतात? सकाळच्या रडारपासून रात्रीच्या क्लिकपर्यंत

एप्रिल-मे महिना आला की सोशल मीडियावर विजांचे फोटो दिसू लागतात. काळंभोर आकाश आणि त्यात झाडाच्या मुळांसारखी पसरलेली वीज. हा फोटो नशिबानं मिळतो असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यामागे दिवसभराची तयारी असते आणि थोडी चूकही जीवावर बेतू शकते.

वळीव दुपारनंतरच का येतो?

उन्हाळ्यात जमीन दुपारपर्यंत भाजून निघते. तापलेली हवा वर जाते. तिच्यात समुद्रावरून आलेलं बाष्प असेल, तर उंचच उंच ढग तयार होतात. या ढगांत बर्फाचे हलके स्फटिक आणि गारांसारखे जड कण एकमेकांवर आदळतात. हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड कण ऋण भार घेऊन खाली राहतात. हा फरक फार वाढला की वीज चमकते. त्या क्षणी तिच्या मार्गातली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि झपाट्याने प्रसरण पावते. हाच गडगडाट.

दिवस कसा जातो?

सकाळी हवामान विभागाचा अंदाज पाहिला जातो. दुपारी उपग्रह आणि डॉप्लर रडारची चित्रं. लागोपाठच्या दोन-तीन चित्रांवरून ढग कोणत्या दिशेला सरकतोय ते कळतं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची माहिती देतं. अनुभवी छायाचित्रकार ढगाच्या खाली जात नाहीत. दूर राहून तो अख्खा फ्रेममध्ये येईल अशी जागा निवडतात. एका ढगाचा जोर अनेकदा तासाभरातच ओसरतो, त्यामुळे बऱ्याचदा हात हलवत परतावं लागतं.

वीज दिसल्यावर बटण दाबलं तर?

बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो आणि तेवढ्यात वीज संपते. म्हणून अंधार पडल्यावर शटर आधीच उघडं ठेवतात.

• कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा.
• आयएसओ १०० ते २००, ॲपर्चर एफ/८ च्या आसपास ठेवा.
• शटर १० ते २० सेकंद उघडं ठेवा.
• दूरच्या दिव्यावर फोकस करून तो मॅन्युअलवर ठेवा.
• एकामागोमाग एक फोटो घेत राहा.

दिवसा मात्र इतका वेळ शटर उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक होतो. तेव्हा प्रकाशातला बदल ओळखून शटर उघडणारा 'लाइटनिंग ट्रिगर' वापरतात. मोबाइलवर सोपा उपाय म्हणजे व्हिडिओ काढून त्यातली फ्रेम निवडणं.

एकाच फोटोत दहा-पंधरा विजा दिसल्या, तर तो अनेकदा वेगवेगळ्या वेळचे फोटो एकत्र करून बनवलेला असतो. तसं करण्यात गैर काही नाही, फक्त ते सांगायला हवं.

वीज किती लांब आहे?

आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. चमक आणि गडगडाट यांत १५ सेकंद गेले, तर वीज ५ किलोमीटरवर आहे. पण हे अंतर सुरक्षित नाही. वीज ढगापासून १० किलोमीटर किंवा त्याहून लांबही पडू शकते. म्हणून गडगडाट ऐकू आला की कॅमेरा तिथेच सोडून आत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही.

पक्कं घर किंवा धातूच्या छताची बंद गाडी सुरक्षित. गाडीत वाचवतो तो धातूचा सांगाडा, टायरचं रबर नव्हे. झाडाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उघड्या टपरीत थांबू नका. गडाचा बुरूज, मोकळी टेकडी, तलावाचा काठ या जागा फोटोला उत्तम, पण विजेच्या वेळी सर्वांत धोकादायक.

मोबाइल वीज खेचतो, हा समज चुकीचा आहे. धोका मोबाइलमुळे नसतो, माणूस उघड्यावर उभा असल्यामुळे असतो.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर सीपीआर सुरू करा आणि १०८ वर फोन करा. वेळेत मदत मिळाली तर जीव वाचू शकतो.