घर शोधायला मोबाइल नंबर का द्यायचा? प्रॉपर्टी वेबसाइटवरच्या लॉगिनची गोष्ट

समजा तुम्हाला हिंजवडीत नोकरी लागली. वाकड किंवा बाणेरला भाड्याने वन बीएचके हवा म्हणून फोनवर शोध सुरू केला. दोन-तीन घरांचे फोटो पाहिले, चौथ्यावर बोट ठेवलं आणि स्क्रीनभर एक खिडकी आली: 'पुढे पाहण्यासाठी मोबाइल नंबर टाका.' तुम्ही नंबर टाकला, ओटीपी भरला. ते घर काही आवडलं नाही, तुम्ही वेबसाइट बंद केली.

पण वेबसाइट तुम्हाला विसरली नाही. थोड्या वेळात फोन सुरू होतात. कोणी रावेतचा फ्लॅट विकत घ्या म्हणतो, कोणी होम लोन देतो, कोणी तळेगावच्या प्लॉटची साइट व्हिजिट ठरवूनच टाकतो. तुम्हाला भाड्याचं घर हवं होतं, हे कुणाच्या गावीही नसतं.

ही खिडकी मला आतून माहीत आहे. इंजिनिअरिंग संपल्यावर मी ज्या पहिल्या कंपनीत लागलो तिचं काम असंच होतं, आणि 'किती घरं दाखवल्यावर लॉगिन मागायचं' हा आकडा बदलण्याचं काम माझ्याकडेही आलं होतं. म्हणून हा लेख थोडा आतल्या बाजूने. प्रश्न असा की प्रॉपर्टी वेबसाइटने नुसतं शोधण्यासाठी रजिस्ट्रेशन सक्तीचं करावं का? माझं उत्तर आधीच सांगतो. शोधायला नको, संपर्क करायला चालेल. आता कारणं बघू.

## लॉगिनची सक्ती कुठे कुठे असते?

सगळ्या वेबसाइट एकाच जागी अडवत नाहीत. साधारण तीन प्रकार दिसतात.

१. पूर्ण अडवणूक: लॉगिन केल्याशिवाय एकही घर दिसत नाही.

२. अर्धी अडवणूक: काही घरं दाखवतात. मग फोटो धूसर होतात, किंमत किंवा सोसायटीचं नाव झाकलं जातं.

३. संपर्कापुरतं लॉगिन: सगळी माहिती मोकळी असते. मालकाचा किंवा एजंटचा नंबर हवा असेल तेव्हाच तुमचा नंबर आणि ओटीपी मागतात.

तिसरा प्रकार रास्त आहे. वाद पहिल्या दोघांबद्दल आहे.

## कंपनीला तुमचा नंबर का हवा असतो?

कारण वेबसाइट तुम्हाला फुकट असली तरी तिचा खर्च कोणीतरी देतोच. बिल्डर आणि एजंट जाहिरातीचे पैसे देतात आणि बदल्यात त्यांना गिऱ्हाईक हवं असतं. धंद्याच्या भाषेत तुमचं नाव, नंबर, एरिया आणि बजेट मिळून एक 'लीड' होते. एकच लीड अनेक एजंटांकडे जाऊ शकते. एका ओटीपीनंतर पाच वेगवेगळे लोक फोन करतात ते यामुळे.

ओटीपीचं काम इथे लक्षात घ्या. त्याने तुमचं खातं सुरक्षित होतं हे खरं, पण नंबर चालू आहे आणि तो तुमच्याच हातात आहे हेही सिद्ध होतं. खात्री झालेल्या नंबरला जास्त किंमत येते.

दुसरं कारण आपल्या बाजारात आहे. अमेरिकेत ब्रोकर आपापल्या भागातली विक्रीची घरं 'मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस' नावाच्या सामाईक यादीत टाकतात आणि तीच घरं अनेक वेबसाइटवर दिसतात. आपल्याकडे अशी सामाईक यादी रुळलेली नाही. एकच फ्लॅट चार एजंट चार वेगळ्या किमतींना टाकतात. प्रत्येक वेबसाइटला वाटतं, आपली यादी हीच आपली तिजोरी, म्हणून तिला कुलूप.

## कंपन्यांची बाजू, आणि ती कितपत टिकते

कंपन्यांचं म्हणणं एकदम खोटं नाही. तीन मुद्दे नेहमी ऐकू येतात.

'माहिती चोरली जाते.' हे खरं आहे. प्रोग्राम लिहून एका वेबसाइटवरची सगळी घरं उचलायची आणि दुसरीकडे टाकायची, याला स्क्रेपिंग म्हणतात. पण त्यावर वेगळे उपाय आहेत. एका ठिकाणाहून मिनिटाला किती पानं मागता येतील यावर मर्यादा घालता येते, संशय आला तर कॅप्चा दाखवता येतो. पक्का स्क्रेपर दहा सिम घेऊन लॉगिनही करतो. अडतो तो साधा माणूस.

'मालकाची सुरक्षितता.' हा मुद्दा मला पटतो. घर भाड्याने देणाऱ्या एकट्या आजींचा नंबर जगजाहीर असू नये. पण त्यासाठी नंबर झाकावा, घर कशाला? शिवाय दोघांचेही नंबर लपवून मधल्या एका तात्पुरत्या नंबरवरून कॉल जोडता येतो. टॅक्सीच्या ॲपमधून ड्रायव्हरला फोन लावताना अनेकदा हेच होतं.

'खोट्या जाहिराती कमी होतात.' इथे मात्र गल्लत आहे. फसवणूक सहसा जाहिरात टाकणारा करतो, बघणारा नाही. स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवून, 'आत्ता पोस्टिंगवर आहे, घर बघायला गेट पासचे पैसे पाठवा' असं सांगणारे भामटे तुम्ही ऐकले असतील. अशा वेळी तपासायला हवं ते घर टाकणाऱ्याचं ओळखपत्र आणि घराचे कागद. माझा नंबर घेऊन त्याचं घर खरं कसं ठरणार?

## तांत्रिकदृष्ट्या लॉगिनची गरज असते का?

शोधासाठी नाही. तुम्ही 'वाकड, वन बीएचके, वीस हजारांपर्यंत' असं निवडता तेव्हा ॲप सर्व्हरला एवढंच विचारतं. या प्रश्नात तुमचं नाव कुठेच लागत नाही.

आवडलेली घरं लक्षात ठेवायलाही लगेच खातं लागत नाही. ब्राउझरमध्ये 'लोकल स्टोरेज' नावाची जागा असते. यादी तिथे, म्हणजे तुमच्याच फोनवर राहू शकते. तीच यादी लॅपटॉपवर हवी असेल किंवा नवीन घर आलं की सूचना हवी असेल, तेव्हा खातं मागणं रास्त आहे. तेव्हाही बहुतेक कामं ईमेलवर भागतात.

अजून एक गंमत. गुगलच्या बॉटला पान वाचता आलं नाही तर सर्चमध्ये ते नीट दिसत नाही आणि वेबसाइटकडे लोक येत नाहीत. त्यामुळे अनेकदा माहिती पानावर आलेलीच असते, फक्त तिच्यावर लॉगिनची खिडकी टाकलेली असते. म्हणजे बॉटला दार उघडं आणि घर शोधणाऱ्याला बंद.

## त्या छोट्या टिकमध्ये काय लिहिलेलं असतं?

नंबर टाकायच्या चौकोनाखाली बारीक अक्षरात एक ओळ असते आणि तिच्यापुढे बरेचदा आधीच टिक केलेली असते. तिचा अर्थ साधारण असा: 'माझा नंबर डीएनडीमध्ये असला तरी कंपनी आणि तिचे भागीदार मला फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप करू शकतात.'

ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार ग्राहकाने स्वतः संमती दिली असेल तर डीएनडी असूनही त्याला जाहिरातीचा संपर्क करता येतो. त्यामुळे ही एक टिक तुमचं डीएनडी ढिलं करू शकते. तुम्हाला फक्त घराचे फोटो बघायचे होते आणि 'भागीदार' कोण हे तर लिहिलेलंच नसतं.

## कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमंत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील, असं त्यात ठरलं आहे.

या कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, माहिती घेऊन दिलेली आणि बिनशर्त असावी लागते. ती काढून घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. कायद्यातच एक उदाहरण आहे. टेलिमेडिसिनच्या ॲपने फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली आणि माणसाने 'हो' म्हटलं, तरी उपचाराच्या सल्ल्यासाठी ती यादी लागत नाही, म्हणून संमती तेवढ्यापुरती धरली जात नाही.

हाच न्याय लावून बघा. घरांची यादी दाखवण्यासाठी मोबाइल नंबर लागतो का? माझ्या मते नाही. 'नंबर दिला तरच यादी' ही अट बिनशर्त संमतीत कशी बसवायची, याचं उत्तर कंपन्यांना शोधावं लागेल.

## लॉगिनशिवाय काय बघता येतं?

सरकारी पातळीवर बरंच काही मोकळं आहे.

महारेराच्या वेबसाइटवर नोंदणीकृत प्रकल्पाची माहिती कोणालाही खातं न काढता शोधता येते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅट असलेल्या नव्या प्रकल्पाची विक्रीआधी नोंदणी सक्तीची आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड असावा लागतो. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. भाड्याच्या घराला हे लागू नाही, पण विकत घेणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर रेडी रेकनरचे दर गावानुसार आणि विभागानुसार बघता येतात. बाजारभाव वेगळा असतो, पण सांगितलेली किंमत कुठे बसते याचा अंदाज येतो.

मोठा निर्णय घ्यायला लागणारी सरकारी माहिती मोकळी असते, तर वाकडच्या स्वयंपाकघराचा फोटो कुलपात कशाला?

## तोपर्यंत तुम्ही काय करायचं?

१. लॉगिनची खिडकी आली की आधी बंद करायची फुली किंवा 'नंतर' शोधा. ती कोपऱ्यात फिकट रंगात लपवलेली असते.

२. ॲपऐवजी ब्राउझरमध्ये शोधून बघा. कॉन्टॅक्ट आणि लोकेशनची परवानगी मागितली तर नाकारा. एरिया हाताने टाइप करता येतो.

३. टिक आधीच केलेली असेल तर काढा. काढल्यावर पुढे जाता येत नसेल तर दुसरी वेबसाइट बघा.

४. घरशोधासाठी जास्तीचं सिम असेल तर ते वापरा. आई-बाबांचा नंबर टाकू नका. फोन त्यांना येतील आणि 'साहेब' म्हणणाऱ्या प्रत्येकाशी ते नीट बोलत बसतील.

५. डीएनडीमध्ये रिअल इस्टेट हा स्वतंत्र प्रकार आहे. १९०९ वर फोन करून किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपमधून तो बंद करता येतो. नको असलेल्या कॉलची तक्रारही तिथेच, ७ दिवसांच्या आत करा.

६. घर मिळालं की खातं डिलीट करा. पर्याय सापडला नाही तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे.

७. घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय टोकन, गेट पास, कशाचेही पैसे पाठवू नका. लॉगिन असलेल्या वेबसाइटवरही.

## शेवटी

जुन्या कंपनीत आम्ही तो आकडा कमी केला तेव्हा लीड वाढल्या आणि सगळे खूश झाले. पुढे मी स्वतःच पुण्यात घर शोधत होतो. मीटिंगमध्ये असताना लागोपाठ फोन वाजत राहिले आणि त्या गडबडीत ज्या मालकाच्या फोनची मी वाट बघत होतो, तोही मी कट केला. ते घर गेलं. लीडच्या तक्त्यात मी मात्र 'यशस्वी' म्हणूनच मोजला गेलो असणार.

दुकानात शिरताना कोणी आधार कार्ड मागत नाही. वस्तू आवडली, भाव ठरला, की नाव-पत्ता आपणच देतो. घराच्या बाबतीतही क्रम हाच असावा: आधी बघू द्या, मग नंबर मागा.