कर्जरोख्यांची होळी आणि प्रतींचा प्रश्न : शिरूर व भीमथडी, १८७५

एकाच माहितीच्या अनेक प्रती निरनिराळ्या सर्व्हरवर ठेवाव्यात, म्हणजे एक यंत्र निकामी झाले तरी माहिती शाबूत राहते, हे संगणकशास्त्रातील रूढ तत्त्व आहे. त्यामागील प्रश्न मात्र जुना आहे. शिरूर व दौंडच्या परिसरातील एका घटनेच्या आधारे त्याचा विचार येथे केला आहे.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे येथे गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला. सुपे आज बारामती तालुक्यात असले तरी तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. दौंडचा परिसरही त्यातच मोडे. रयतेचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. रोखे व हुकूमनामे निमूटपणे हाती दिल्यास सहसा मारहाण होत नसे.

हे स्वाभाविकच होते. बहुतेक रोख्यांची प्रत एकच, आणि ती सावकाराच्या घरी. ती जळाली की कर्जाचा पुरावाच संपला. परंतु या एकुलत्या एका प्रतीचा जाच कुणब्यालाही होता, किंबहुना अधिक होता. नांगराची निशाणी करून तो मोकळा होई. आत काय लिहिले आहे, फेडलेली रक्कम जमा धरली की नाही, हे पडताळण्यास त्याच्यापाशी कागदच नसे.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिले जाऊ लागले. निबंधकाने आपल्या नोंदवहीत नक्कल उतरवावयाची, मूळ दस्त हक्कदारास द्यावयाचा आणि प्रमाणित नक्कल दुसऱ्या पक्षास. एका दस्ताच्या तीन प्रती झाल्या आणि त्या परस्परविरोधी हितसंबंध असलेल्यांच्या हाती राहिल्या. आजच्या सर्व्हरवरील प्रती सहसा एकाच मालकाच्या असतात, एवढा फरक येथे ध्यानात घ्यावा.

तथापि प्रती वाढल्याने मजकूर खरा होत नाही. सर्व्हरवरील चुकीची नोंदही तितक्याच तत्परतेने सर्व प्रतींत उतरते. गहाणाच्या व्यवहारात कायद्याचा अडसर येऊ लागताच सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले. अशा दस्ताच्या तिन्ही प्रती अक्षरशः जुळत, आणि तिन्ही खोट्या असत. अखेर कायद्यात दुरुस्ती करून, व्यवहाराचे खरे स्वरूप ठरविण्यासाठी दस्ताबाहेरचा तोंडी पुरावा विचारात घेण्याची मुभा न्यायालयांस द्यावी लागली.