मार्चएंड नावाचा ऋतू

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत काम करतो. आम्ही दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. आमचे ग्राहक म्हणजे किराणावाले, मेडिकलवाले, हार्डवेअरवाले, साड्यांचे दुकानदार. दर दोन-तीन महिन्यांनी त्यांना व्हॉट्सअॅपवर एक छोटं पत्रक जातं. यंदा मार्केटिंगवाल्या मुलीनं ते काम माझ्या गळ्यात मारलं. "मार्चचं पत्रक तू लिही. थोडा इतिहास, थोडी गंमत, थोड्या आरोग्याच्या टिप्स. वसंत ऋतूचा फील आला पाहिजे."

वसंत ऋतूचा फील! आमच्या घरी मार्च महिन्यात फक्त एकच ऋतू असतो, मार्चएंड.

बार्शीला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, आता बाबा चालवतात. पाइप, नळ, रंग, खिळे, कुलपं. लहानपणापासून मी बघत आलोय की मार्च उजाडला की बाबांचा आवाज बदलतो. जेवणं उशिरा होतात. सीएंच्या ऑफिसातून फोन येतात. उधारीवाले फोन उचलत नाहीत आणि ज्यांची देणी आहेत ते मात्र दिवसातून तीनदा करतात. आई म्हणते, "मार्च संपेपर्यंत यांच्याशी काही बोलू नका."

२०२५ च्या मार्चमध्ये गुढीपाडवा ३० तारखेला आला, रविवारी. मी घरी गेलो होतो. आईनं गुढी उभारली, कडुनिंबाची चटणी केली. बाबांनी उभ्या उभ्या चटणी तोंडात टाकली आणि दुकानात गेले. त्या वर्षी आयकर खात्याची ऑफिसंसुद्धा २९, ३० आणि ३१ मार्चला उघडी ठेवली होती, म्हणजे सरकारनंच पाडव्याला सुट्टी घेतली नव्हती. संध्याकाळी दुकानातल्या पोऱ्याचा फोन आला, "काकांना चक्कर आली."

डॉक्टरांनी बीपी मोजलं, वरचा आकडा एकशे नव्वद. विचारलं तर कळलं की पाच दिवस गोळीच घेतली नव्हती. संपली होती आणि आणायला वेळ नव्हता. मेडिकलचं दुकान आमच्या दुकानापासून चार गाळे सोडून आहे.

बाबा लवकर सावरले, पण दवाखान्याच्या बाकावर बसून मी विचार करत होतो की ही ३१ मार्च तारीख आली कुठून? कुणी ठरवली? आणि तिच्यासाठी एक माणूस पाच दिवस बीपीची गोळी का विसरतो?

यंदा पत्रकाच्या निमित्तानं मी ते शोधलं. पत्रकात चार ओळी मावल्या. बाकीचं इथे लिहितोय.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायद्याच्या दृष्टीनं नवं वर्ष १ जानेवारीला नाही, २५ मार्चला सुरू व्हायचं. हा दिवस 'लेडी डे', म्हणजे मेरीला देवदूतानं येशूच्या जन्माची बातमी दिली तो सण. शेतजमिनीचे करार, भाडी, देणी यांचे हिशोब या दिवशी व्हायचे. हिवाळा संपलेला, पेरणीचा हंगाम समोर, त्यामुळे शेतकऱ्यांना सोयीचा दिवस.

मग इंग्लंडनं जुनी ज्युलियन दिनदर्शिका सोडून ग्रेगोरियन घेतली. दोन्हींत अकरा दिवसांचा फरक पडला होता, म्हणून १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. मधले अकरा दिवस गायब. पण कराच्या वर्षातून अकरा दिवस कापायला खजिना कसा तयार होणार? हिशोबाची तारीख पुढे सरकली. आजही ब्रिटनमध्ये सामान्य माणसाचं करवर्ष ५ एप्रिलला संपतं आणि ६ एप्रिलला सुरू होतं. एवढी विचित्र तारीख का, याचं मूळ त्या जुन्या २५ मार्चमध्ये आहे. सरकारचं स्वतःचं आर्थिक वर्ष मात्र तिथे एकोणिसाव्या शतकात ३१ मार्चला संपू लागलं.

आता आपल्याकडे. १८५७ च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी होती. ती सावरायला लंडनहून जेम्स विल्सन नावाचा माणूस कलकत्त्याला आला. 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक त्यानंच काढलेलं. सुरुवातीला तो टोप्या बनवण्याच्या धंद्यात होता, म्हणजे मुळात हाही आपल्यासारखाच धंदेवाला. १८६० मध्ये त्यानं पहिलं अंदाजपत्रक मांडलं आणि भारतात आयकर आणला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कलकत्त्यात, आमांशानं तो गेला. भारतात येऊन त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

तेव्हा इथलं सरकारी वर्ष १ मे ते ३० एप्रिल होतं. १८६७ मध्ये ते बदलून १ एप्रिल ते ३१ मार्च केलं, ब्रिटिश सरकारच्या वर्षाशी जुळावं म्हणून. इथला पाऊस, इथली पिकं, इथला बाजार यांच्याशी त्या तारखेचा संबंध नव्हता. माझ्या भाषेत सांगायचं तर मुख्य सर्व्हरचा टाइमझोन बाकीच्यांनाही लावून दिला.

हे वाचल्यावर मी बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांमुळे तुमचं बीपी वाढतंय."

बाबा म्हणाले, "दीडशे काय घेऊन बसलास? तुझे आजोबा दिवाळीला हिशोब मिटवायचे. हे मार्चचं लफडं माझ्या डोळ्यांसमोर सुरू झालंय."

मला हे माहीत नव्हतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनाही नसेल. १८६७ मध्ये बदललं ते सरकारचं वर्ष. व्यापाऱ्याला आयकरासाठी स्वतःचं हिशोबाचं वर्ष निवडायची मुभा पुढे सव्वाशे वर्षं होती. कुणी दिवाळी ते दिवाळी धरायचं, कुणी जानेवारी ते डिसेंबर. बंगालमध्ये वैशाखाच्या पहिल्या दिवशी 'हालखाता' व्हायचा, अजूनही होतो. दुकानदार गिऱ्हाइकांना बोलावतो, जुनी बाकी मिटवून घेतो, नवी लाल वही उघडतो आणि मिठाई देतो. उधारी मागण्याची इतकी गोड पद्धत मी दुसरी पाहिलेली नाही.

मग १९८७ च्या कायद्यानं ही मुभा गेली. १ एप्रिल १९८९ पासून सगळ्यांना एकच वर्ष सक्तीचं झालं, एप्रिल ते मार्च. करचुकवेगिरी रोखायला आणि खात्याचं काम सोपं व्हायला ते बरोबरही होतं. एकाच मालाची विक्री एकाच्या वहीत एका वर्षात आणि खरेदी दुसऱ्याच्या वहीत दुसऱ्या वर्षात, अशा जुळवाजुळवीत बरंच काही लपवता येतं. डेटाबेसवर काम करणारा माणूस म्हणून मला एकसारख्या तारखेचं महत्त्व कळतं.

पण त्या बदलात एक गंमत झाली. ज्यांचं वर्ष दिवाळीला संपायचं, त्यांचं ८७ च्या दिवाळीपासूनचं वर्ष लांबवून थेट ३१ मार्च १९८९ पर्यंत नेलं. म्हणजे सुमारे सतरा महिन्यांचं वर्ष! पाडव्याला घरी गेलो तेव्हा बाबांना म्हटलं, माळ्यावर बघू या. लाल कापडात बांधलेल्या आजोबांच्या वह्या निघाल्या. कीर्द वेगळी, खतावणी वेगळी. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर 'श्री', हळदकुंकवाचे डाग, दिवाळीची तिथी. एका वर्षाच्या कीर्दीला मात्र मागून दुसरी वही शिवलेली. सतरा महिने एका वहीत मावले नव्हते. त्याच्या पुढच्या वहीवर तारीख १-४-८९. 'श्री' आहे, पण हळदकुंकू नाही.

त्या पानाकडे बघताना मला उत्तर सापडल्यासारखं वाटलं.

दिवाळीला हिशोब मिटायचा तेव्हा त्याच्यापुढे सण होता. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा व्हायची, पाडव्याला नवी वही. बाबा सांगतात, आजोबा त्या दिवसांत दुकान मुहूर्तापुरतं उघडायचे आणि चार दिवस घरी असायचे. धावपळ तेव्हाही होती, उधारी तेव्हाही बुडायची. जुने दिवस सोन्याचे होते असं मला म्हणायचं नाही. दोन वह्यांत आजोबांच्या हातची एक नोंद आहे, 'येणे बुडाले', आणि आकडा त्या काळच्या मानानं मोठा आहे. पण काम संपलं की थांबायचं, हे त्या तारखेतच बांधलेलं होतं. तारीख हलली तेव्हा काम तिच्याबरोबर मार्चमध्ये आलं. विश्रांती दिवाळीतच राहिली.

आता ३१ मार्चनंतर काय येतं? १ एप्रिल. त्या दिवशी बँका वार्षिक हिशोबासाठी ग्राहकांना बंद असतात. दुकानदाराला मात्र दुकान उघडायचंच असतं. शिवाय नव्या वर्षाचे बिलांचे नंबर सुरू करायचे. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा नंबर ओळीनं हवा, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. दोन वर्षांपूर्वी आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये वर्ष बदलताना नंबर एकपासून सुरू झाले, पण आधी वर्षाचा उल्लेख येईना, त्यामुळे जुनी आणि नवी बिलं एकमेकांत मिसळली. चूक माझ्या कोडमध्ये होती. सकाळी साडेआठपासून फोन. एका मेडिकलवाल्या काकू म्हणाल्या, "अहो, रात्री दोनला झोपलेय, आता हे काय नवीन?" त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

त्यात गेल्या काही वर्षांत एक नवी भर पडली आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे. वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. छोट्या कारखानदाराचे पैसे अडकू नयेत म्हणून केलेला हा नियम, आणि हेतू चांगलाच आहे. पण बाबांसारख्या मधल्या माणसाची उधारी वसूल झालेली नसते आणि देणं मात्र मार्च संपायच्या आत द्यायचं असतं. हे ओझं बिलिंगचं कुठलंच अॅप उचलत नाही.

ही तारीख बदलायचा विचार कुणी केलाच नाही असं नाही. १९८५ मध्ये एल. के. झा समितीनं जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष सुचवलं होतं. नैऋत्य मोसमी पाऊस कसा झाला हे कळल्यावर अंदाजपत्रक मांडावं, असा त्यामागचा विचार होता. सरकारनं मानलं नाही. २०१६ मध्ये शंकर आचार्य समिती याच प्रश्नावर नेमली गेली. तारीख तिथेच राहिली. फक्त २०१७ पासून अंदाजपत्रक १ फेब्रुवारीला येऊ लागलं. गंमत म्हणजे १९५७ पासून आपलं एक अधिकृत राष्ट्रीय पंचांगही आहे. मेघनाद साहांच्या समितीनं सुचवलेलं, शक वर्षाचं. त्याचं नवं वर्ष १ चैत्रला, म्हणजे साधारण २२ मार्चला सुरू होतं. भर मार्चएंडच्या धावपळीत हे सरकारी नववर्ष येऊन जातं, कुणाला कळतही नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय. त्यात 'मागील वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' हा घोळ जाऊन एकच 'करवर्ष' येतंय. पण ते संपणार ३१ मार्चलाच.

म्हणजे तारीख हलणार नाही. मग मी पत्रकात आरोग्याच्या टिप्स काय लिहायच्या? कोमट पाणी प्या, सूर्यनमस्कार घाला? बाबांसारखा माणूस ते वाचून पुढे ढकलतो.

मी आमच्या ग्राहकांसाठी तीनच गोष्टी लिहिल्या. एक, जमाखर्चाची जुळवणी मार्चवर ठेवू नका, दर महिन्याच्या पाच तारखेला करा. सॉफ्टवेअर आठवण करेल, ती बंद करू नका. दोन, रोजच्या गोळ्या असतील तर मार्चची पाकिटं फेब्रुवारीतच आणून गल्ल्यात ठेवा. तीन, एप्रिलमधला एक दिवस आत्ताच ठरवा आणि त्या दिवशी दुकान बंद ठेवा. दुकानाच्या दारावर पाटी लावा, 'वार्षिक हिशोबानिमित्त बंद'. बँक लावते तशी.

मार्केटिंगवाल्या मुलीनं विचारलं, "यात वसंत ऋतू कुठे आहे?" मी शेवटी कडुनिंबाच्या चटणीची कृती टाकली. कोवळा पाला, गूळ, ओवा, चिंच, हिंग, मीठ. आईची आहे.

यंदा पाडवा १९ मार्चला आला. बाबांनी चटणी बसून खाल्ली. मी माळ्यावरून नव्या वर्षाची वही म्हणून एक कोरी वही काढून दिली. सगळं कॉम्प्युटरवर असलं तरी पहिल्या पानावर 'श्री' लिहायला काय हरकत आहे? त्यांनी लिहिलं, आईनं हळदकुंकू लावलं.

काल फोनवर विचारलं, "बाबा, बंदचा दिवस ठरला का?"

"पाच एप्रिल. रविवार आहे, तसंही गिऱ्हाईक कमी असतं."

"रविवारी नाही, बाबा. कामाच्या दिवशी."

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहा एप्रिल. आणि गोळी घेतलीय, तू विचारायच्या आधीच सांगतो."