बाविसाव्या दाराचे राखणदार

जुन्या किल्ल्याच्या महादरवाजाला एक दिंडी असते. मोठे दार ऊठसूट उघडायचे नसते. येणाऱ्याने वाकून दिंडीतून आत यावे, देवडीवर थांबावे, नाव-गाव सांगावे आणि पटले तर पुढे जावे, असा शिरस्ता. संगणकांच्या जगातही प्रत्येक यंत्राला अशी दारे असतात आणि त्यांना क्रमांक असतात. एकविसाव्या दारातून फाइलींची ने-आण होई, तेविसाव्यातून 'टेलनेट' नावाच्या आज्ञावलीद्वारे दूरच्या माणसाला यंत्रावर बसल्यासारखे काम करता येई. मधले बाविसावे दार रिकामे होते. १९९५च्या जुलै महिन्यात फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या तातू युलोनेन या संशोधकाने क्रमांकवाटप करणाऱ्या संस्थेला पत्र पाठवून ते मागितले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला ते मिळाले. आयुष्यभर सरकारी टपाल हाताळलेल्या माझ्यासारख्याला या हकिकतीतील सर्वांत अद्भुत भाग हाच वाटतो.

युलोनेनला हे दार हवे होते याचे कारण त्याच्या विद्यापीठात झालेली चोरी. टेलनेटने जाणारा मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा प्रवास करी. वाटेतल्या कोणालाही तो वाचता येई, आणि परवलीचा शब्दही त्याच कार्डावर असे. कोणीतरी विद्यापीठाच्या जाळ्यात चोरून वाचणारी आज्ञावली बसवली आणि हजारो लोकांचे परवलीचे शब्द टिपून घेतले. युलोनेनने यावर उपाय म्हणून 'सिक्युअर शेल', म्हणजेच एसएसएच, लिहिली. तिच्यात सारा संवाद बंद लखोट्यातून होतो आणि लखोटा खरोखर त्याच यंत्राकडून आला की नाही, हेही पडताळता येते. त्याने ती सर्वांना मोफत दिली. वर्षअखेरीस सुमारे पन्नास देशांत तिचे वीस हजार वापरकर्ते झाले होते. डिसेंबरात त्याने कंपनी काढली, आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर वापराच्या अटी आवळत गेल्या. यात त्याला दोष देण्याचे कारण नाही. दिवसाला दीडशे पत्रांना उत्तरे देणाऱ्या माणसाला पोटही असते.

कथा खऱ्या अर्थाने सुरू होते ती १९९९ साली. ब्योर्न ग्रोनवाल या स्वीडिश प्रोग्रॅमरने मुक्त अटींवरची शेवटची जुनी आवृत्ती, १.२.१२, शोधून काढली आणि तिच्यातील दोष दुरुस्त करू लागला. ते काम कॅनडातील कॅलगरी शहरातून चालणाऱ्या 'ओपनबीएसडी' या प्रकल्पाच्या मंडळींच्या नजरेस पडले. मार्कुस फ्रीडल, नील्स प्रोव्होस, बॉब बेक, एरन कॅम्पबेल, डग साँग आणि प्रकल्पाचा प्रमुख थेओ डी राट या सहा जणांनी ती आज्ञावली हाती घेतली, जुनी अडगळ काढली, आणि १ डिसेंबर १९९९ रोजी 'ओपनएसएसएच' या नावाने ती बाहेर पडली. इतर प्रकारच्या यंत्रांवर ती चालावी म्हणून डेमियन मिलर आदींनी लगोलग रूपांतराचे काम सुरू केले. २००१मध्ये युलोनेनने नाव बदलण्याची मागणी केली. ती मानली गेली नाही. आज लिनक्स, मॅक आणि २०१८पासून विंडोजसुद्धा, सगळीकडे त्या दारावर बहुधा हीच आज्ञावली उभी असते.

या मंडळींची कामाची रीत आधी समजून घ्यायला हवी. डी राट १९९४च्या अखेरीस आधीच्या प्रकल्पातून भांडणाने बाहेर पडलेला, जिभेने तिखट माणूस. १९९५मध्ये त्याने ओपनबीएसडी स्थापन केला आणि १९९६च्या उन्हाळ्यात सहा ते बारा जणांच्या तुकडीने साऱ्या संहितेची तपासणी आरंभली. ही तपासणी आमच्या लेखापरीक्षणासारखी नव्हती. लेखापरीक्षक नमुन्यादाखल दहा पावत्या उलटतो. हे लोक फाइलीमागून फाइल, ओळीमागून ओळ वाचत. एका ठिकाणी चूक सापडली की तिच्या जातीची चूक साऱ्या संहितेत कोठे कोठे आहे ते शोधत आणि सर्व ठिकाणी दुरुस्त करत, मग तिच्यापासून धोका असो वा नसो. पुढे दुसऱ्या कोणी नव्या हल्ल्याची युक्ती जाहीर करावी आणि यांच्या संहितेत ती जागा महिन्यांपूर्वीच बुजलेली असावी, असे अनेकदा घडले. त्या वेळी दुरुस्ती करणाऱ्याला आपण काय थोपवले याची कल्पनाही नसे.

तरीही दार फुटले. २००२च्या जूनमध्ये मार्क डाउड या संशोधकाला ओपनएसएसएचमध्ये असे भगदाड सापडले की परवलीचा शब्द न देताच परक्याला यंत्राचा ताबा घेता यावा. डी राटने भगदाडाची जागा न सांगता जगाला एवढेच कळवले, की नव्या ३.३ आवृत्तीवर या आणि तिच्यातील 'अधिकार-विभाजन' चालू करा. नील्स प्रोव्होसने घडवलेली ही रचना म्हणजे हुबेहूब देवडी. परक्याशी बोलणारी प्रक्रिया वेगळी, तिच्या हाती कसलेही अधिकार नाहीत. किल्ल्या बाळगणारी प्रक्रिया आत बसलेली, आणि देवडीवरून ठरावीक मोजक्या विनंत्या आल्या तरच ती काम करणार. देवडीवरचा पहारेकरी फितवला तरी खजिना उघडत नाही. दोन दिवसांनी तपशील जाहीर झाला तेव्हा लोक भडकले, कारण एक सेटिंग बंद केले असते तरी संरक्षण मिळाले असते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण कोणते सेटिंग ते सांगणे म्हणजे भगदाडावर बोट ठेवणे होते, आणि त्या बोटाकडे चोरही पाहत होते. मला डी राटचा निर्णय बरोबर वाटतो, स्वर नव्हे. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर पाच वर्षे एकही भगदाड नाही अशी जी मिरवणूक होती, ती मात्र एक भगदाड मान्य करून पुन्हा लिहावी लागली. २००७मध्ये ती दोन झाली.

दुरुस्ती नेहमी गुणकारीच ठरते असेही नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण ओपनएसएसएचच्या नव्हे, तर ती ज्या गूढलेखनाच्या ग्रंथालयावर विसंबते त्या ओपनएसएसएलच्या बाबतीत घडले. २००६ साली डेबियन या लिनक्स-वितरणात दोष शोधणाऱ्या एका साधनाने तक्रार केली, की ही संहिता स्मृतीतील न भरलेली जागा वाचते. तक्रार तांत्रिकदृष्ट्या खरी होती. देखभाल करणाऱ्याने मूळ प्रकल्पाच्या लोकांना विचारले, कोणी हरकत घेतली नाही, आणि त्याने दोन ओळी निकामी केल्या. त्यांपैकी एक ओळ अशी होती की किल्ली घडवताना लागणारी सारी यदृच्छता तिच्यातूनच ओतली जाई. ती गेल्यावर उरला फक्त प्रक्रियेचा अनुक्रमांक. परिणाम असा, की ज्या किल्ल्यांचे प्रकार मोजता येऊ नयेत, ते एकेका जातीत आणि लांबीत केवळ ३२,७६७ उरले. कुलूप भक्कम, पण गावातल्या किल्ल्या एका टोपलीत मावणाऱ्या. १३ मे २००८ रोजी, लुचियानो बेलो याच्या शोधानंतर, ही गोष्ट जाहीर झाली. जवळपास वीस महिन्यांत घडवलेल्या किल्ल्या जगभर फेकून द्याव्या लागल्या. साधनाची तक्रार मात्र बंद झाली होती.

आणि आता २०२४. त्या वर्षी बाविसाव्या दारावर दोन प्रसंग गुदरले, तीन महिन्यांच्या अंतराने.

पहिला सर्वज्ञात आहे. २९ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड याने जाहीर केले, की आपल्या चाचणी-यंत्रावर एसएसएचने प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढता 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या आज्ञावलीत चोरवाट पुरलेली सापडली आहे. ओपनएसएसएच एक्सझेड वापरतच नाही. पण काही लिनक्स-वितरणांनी सोयीसाठी आपली जोड लावली होती, त्या जोडीने एक ग्रंथालय आणले, त्या ग्रंथालयाने दुसरे. शेजारच्या वाड्याच्या सामाईक भिंतीतून चोर यावा तसा तो येणार होता. एक्सझेडचा भार लासे कोलिन हा फिनलंडचा एकटा माणूस वर्षानुवर्षे विनावेतन वाहत होता, आणि प्रकृतीच्या अडचणी त्याने उघडपणे सांगितल्या होत्या. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी २०२१पासून त्याला मदत करू लागले, इतर नावांनी कोलिनवर काम सोपवण्यासाठी दडपण आणले, आणि शेवटी किल्ल्या मदतनिसाच्या हाती गेल्या. दोन-अडीच वर्षे नेमस्त काम करून विश्वास मिळवणारा हा मुनीम खरा कोण होता, ते जगासमोर आलेले नाही.

दुसऱ्या प्रसंगाची वर्तमानपत्रांनी एवढी दखल घेतली नाही. मला तो अधिक विचार करायला लावणारा वाटतो, कारण त्यात खलनायक नाही.

ओपनएसएसएच दारावर आलेल्या परक्याला ओळख पटवण्यासाठी सहसा १२० सेकंद देते. मुदत संपली की घंटा वाजते आणि हातातले काम जेथे असेल तेथे तोडून संबंध संपवला जातो, तत्पूर्वी तशी नोंद होते. कल्पना करा: कारकून वहीत रकमेचा अर्धा आकडा लिहून थांबलेला आहे, घंटा होते, आणि त्याच वहीत त्याच पानावर दुसरी नोंद घालायला त्याला भाग पाडले जाते. वहीचा मेळ बिघडतो. परका जर चतुर असेल, तर हा बिघाड नेमका कसा व्हावा हे तो ठरवू शकतो आणि त्यातून यंत्राचा संपूर्ण ताबा मिळवू शकतो. हा दोष २००६मध्ये आढळला होता, तोही मार्क डाउडलाच. तेव्हा दुरुस्ती झाली: घंटा वाजल्यानंतरच्या त्या नोंदीभोवती एक अट घालण्यात आली. सुरक्षितपणे नोंद करता येत असेल तरच करा, नाहीतर मुकाट्याने बाहेर पडा.

ऑक्टोबर २०२०मध्ये नोंदी करण्याच्या संहितेची पुनर्रचना झाली आणि ती अट गळून पडली. मार्च २०२१च्या ८.५ आवृत्तीतून ती गळती जगभर गेली. नियमपुस्तकाची सुधारित आवृत्ती काढताना जुने परंतुक वगळले जावे, असाच हा प्रकार. ज्याने फायली हाताळल्या आहेत त्याला हे सांगायला नको, की परंतुकामागचे कारण बहुधा पुस्तकात नसते. ते कोठल्यातरी जुन्या टिपणीत असते, आणि टिपणी अभिलेख कक्षात. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी हा पुनरागत दोष जाहीर केला. बत्तीस-बिटी लिनक्स-यंत्रावर त्यांनी तो सिद्ध करून दाखवला: सरासरी दहा हजार प्रयत्न, म्हणजे सहा ते आठ तास. एक कोटी चाळीस लाखांहून अधिक सर्व्हर या दोषाच्या टप्प्यात असू शकतात, असा त्यांचा अंदाज होता. देवडीचा येथे उपयोग नव्हता, कारण घंटा वाजे ती आत, किल्ल्या बाळगणाऱ्या प्रक्रियेत.

गंमत अशी, की खुद्द ओपनबीएसडीवर हा दोष लागू पडत नव्हता. तेथे घंटेनंतरची नोंद ज्या पद्धतीने होते ती अशा व्यत्ययातही सुरक्षित राहील, अशी २००१मध्येच घडवलेली होती. विशिष्ट दोष बुजवणारी अट हरवू शकते. दोषाची जातच नष्ट करणारे काम तेवीस वर्षांनी, कोणाच्याही लक्षात नसताना, उपयोगी पडले.

हे सारे कशाच्या बळावर चालले, असा प्रश्न आमच्यासारख्या अंदाजपत्रकी माणसांना पडतोच. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन-संस्थेकडून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठामार्फत वीस लाख डॉलरहून अधिक अनुदान आले होते. डी राटने इराक युद्धाविरुद्ध वर्तमानपत्रात मत दिले आणि एप्रिल २००३मध्ये ते थांबले. जानेवारी २०१४मध्ये कॅलगरीच्या यंत्रांचे वीस हजार डॉलरचे वीजबिल भरण्यासाठी जाहीर याचना करावी लागली. अब्जावधींचे व्यवहार ज्या दारातून चालतात, त्याच्या देवडीवरचा दिवा विझण्याची ती वेळ होती. देणग्या आल्या. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनेही मोठी रक्कम दिली, ते उचितच झाले.

मंडळी जोडत जातात त्याहून अधिक काढत जातात. पहिली एसएसएच-पद्धत २०१७मध्ये समूळ काढली, जुनी डीएसए किल्ली एप्रिल २०२५च्या १०.० आवृत्तीत गेली. एक्सझेडच्या प्रसंगानंतर जुलै २०२४च्या ९.८ आवृत्तीत लिनक्ससाठीची ती सोयीची सूचना त्यांनी स्वतःच मोजक्या ओळींत लिहिली, म्हणजे परके ग्रंथालय आणण्याचे कारणच उरू नये. त्याच आवृत्तीत दार ऐकणारी आज्ञावली आणि आलेल्याशी बोलणारी आज्ञावली या दोन वेगळ्या फाइली झाल्या. १०.०मध्ये ओळख पटवण्याचे काम तिसऱ्या फाइलीत गेले. ओळख पटली की ती प्रक्रिया संपते आणि तिची स्मृतीही यंत्रातून पुसली जाते.