रक्त नॉर्मल, जठर पेटलेले

तालुक्याच्या लॅबमध्ये ईएसआर लावणे हे माझे रोजचे काम. सायट्रेट मिसळलेले रक्त वेस्टरग्रेन नळीत शून्यापर्यंत ओढायचे, नळी सरळ उभी करायची आणि तासाने तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचे.

आजारी माणसाच्या पेशी लवकर बसतात, हे वॉर्साच्या एडमंड बिएरनात्स्की यांनी १८९७ मध्ये दाखवले. १९१८ मध्ये स्वीडनच्या रॉबिन फॉरेयस यांना गरोदर स्त्रियांच्या रक्तात तेच दिसले. १९२१ मध्ये आल्फ वेस्टरग्रेन यांनी क्षयाच्या रुग्णांवर ही तपासणी वापरली. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन वाढते, पेशींची नाण्यांसारखी चवड लागते आणि जड झालेली चवड झपाट्याने खाली येते. पुढे १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सीआरपी हे प्रथिन सापडले; दाह असला की तेही वाढते, म्हणून आज त्याचीही तपासणी होते.

दाह कुठे आहे, हे मात्र या दोन्ही तपासण्या सांगत नाहीत. आणि तो जठराच्या अस्तरापुरता असेल, तर पुष्कळदा दोन्ही आकडे नॉर्मलच येतात.

म्हणूनच जठराचा दाह आणि अल्सर कशाने होतात, हे कोडे रक्तात नाही, जठराच्या तुकड्यात सुटले. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात, पर्थच्या रुग्णालयात, पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना बायोप्सीत वाकडे जंतू दिसले आणि त्यांच्याभोवती दाहाच्या पेशी. पुढे तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. जंतू वाढवायच्या प्लेटा दोन दिवसांत टाकून देत. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या जास्त दिवस राहिल्या आणि जंतू उगवला. अल्सर आम्लाने आणि चिंतेने होतो, ही समजूत तरीही हलेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतः तो जंतू प्यायले. त्यांना उलट्या झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज दिसली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. आज त्याच जंतूला आपण हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतो.

महिनोन्‌महिने पोटात जळजळ सोसणाऱ्या बायका हातात नॉर्मल रिपोर्ट घेऊन उभ्या राहतात आणि घरचे म्हणतात, "बघ, काही नाही तुला." हे ऐकून मला फार वाईट वाटते. माझा आकडा खरा असतो, पण त्यांचे दुखणेही खरेच असते. म्हणून रिपोर्ट देताना मी सांगतेच : ताई, रक्तात दाह दिसला नाही, एवढाच याचा अर्थ. डॉक्टरांना पायलोरीसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी विचारा.